नस नेमकी मारतो कोण?

कुष्ठरोगाचा चट्टा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण या आजाराला त्वचेचा आजार समजतो. खरं तर हा मज्जातंतूंचा आजार आहे. चट्ट्यामुळे कुणाची बोटं वाकडी होत नाहीत. कोपरामागून करंगळीकडे जाणाऱ्या नसेतले तंतू मेले की ती वाकतात. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेरहार्ड हान्सेन यांनी या आजाराचा जंतू ओळखला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन यांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली सुचवला. सहा किंवा बारा महिन्यांच्या त्या औषधांनी जंतू मरतो. तरीही औषधं चालू असताना, कधी तर ती संपल्यावर, रुग्णाच्या हातातलं बळ जातं. जंतू मरत असताना नस का मरावी?

या प्रश्नाकडे बघण्याच्या दोन दृष्टी आहेत आणि मला दोन्हींबद्दल मनापासून आदर आहे. म्हणून मी त्या दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. काका विदर्भातल्या कुष्ठसेवेत आयुष्य घालवलेले डॉक्टर, पुतणी मज्जातंतूंच्या पेशींवर काम करणारी संशोधक. ही माणसं कल्पनेतली आहेत. त्यांनी सांगितलेलं शास्त्र मात्र खरं आहे.

काका : तुमच्या प्रयोगशाळेत या जंतूला फार भाव देता तुम्ही. अगं, कॉलऱ्याचा जंतू विष सोडतो, घटसर्पाचा सोडतो, धनुर्वाताचा सोडतो. याच्याकडे विष नाही. एकाचे दोन व्हायला याला दोन आठवडे लागतात. काचपात्रात तर हा आजवर वाढलेलाच नाही. शेपर्डनं १९६० मध्ये उंदराच्या तळपायात वाढवला, पुढे १९७१ मध्ये आर्माडिलो नावाच्या अमेरिकन प्राण्यात. इतका लाचार जंतू नस कशी मारील? नस मारतो तो शरीराचा संताप.

पुतणी : लाचार आहे, हे मान्य. २००१ साली त्याच्या जनुकांचा पूर्ण आराखडा निघाला, त्यात चालती जनुकं सोळाशेच्या आसपास आणि निकामी झालेली अकराशेहून जास्त. स्वतःचं पोट स्वतः भरायची सोयसुद्धा त्यानं टाकून दिली आहे. पण काका, इतकं गमावूनही त्यानं एक गोष्ट जपून ठेवली, ती म्हणजे नसेत शिरायची किल्ली. जे जपलं ते महत्त्वाचं असणारच ना?

काका : किल्ली कसली?

पुतणी : नसेतला प्रत्येक अक्षतंतू श्वॉन पेशींच्या कुशीत असतो. या पेशी दोन तऱ्हांच्या. काही पेशी एकेका जाड तंतूभोवती वेढ्यावर वेढे घालून मायलिनचं जाड वेष्टण करतात. काही पेशी बारीक बारीक बरेच तंतू आपल्या खाचांमध्ये धरून ठेवतात, वेष्टण करत नाहीत. दोन्ही तऱ्हांच्या पेशींभोवती प्रथिनांचा एक पातळ पदर असतो आणि त्या पदरात लॅमिनिन-२ नावाचं प्रथिन असतं. कुष्ठजंतूच्या अंगावर पीजीएल-१ नावाचा मेदयुक्त पदार्थ आहे, त्याला टोकाशी तीन शर्करांची साखळी. ती साखळी लॅमिनिन-२ ला चिकटते. आतल्या बाजूनं लॅमिनिनला पेशीचा ग्राहक, अल्फा-डिस्ट्रोग्लायकन, धरून असतो. म्हणजे जंतू लॅमिनिनला धरतो, लॅमिनिन ग्राहकाला, आणि जंतू आत ओढला जातो. अनुरा रामबुक्काना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ ते २००० या काळात हे एकेक पाऊल उलगडलं.

काका : हे लॅमिनिन शरीरातल्या सगळ्या नसांवर आहे की नाही?

पुतणी : आहे. स्नायूंवरही आहे.

काका : मग मांडीतली जाड नस वाचते आणि कोपरामागची का सुजते? चाळीस वर्षं मी एवढ्याच जागा चाचपत आलो : कोपर, मनगट, गुडघ्याच्या बाहेरचं हाड, घोट्याची आतली बाजू, गालाचं हाड, मानेची बाजू. त्वचेच्या लगत असलेल्या, थंड जागा. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी हेच दाखवलं. मांसाखाली उबेत असलेला नसेचा भाग शाबूत आणि तीच नस वर आली की गाठाळ. जंतूला तीस ते तेहतीस अंशांची हवा मानवते, सदतीस नाही. तुझी किल्ली मला मान्य, पण दार कुठलं उघडायचं ते तापमान ठरवतं.

पुतणी : ते खरंच. आणि जंतू नसेत जातो तोही बहुतेक नसेबाहेरच्या रक्तवाहिन्यांच्या वाटेनं, असं आर्माडिलोच्या नसांवरून डेव्हिड स्कॉलर्ड यांनी मांडलं आहे. पण दार उघडल्यावर आत काय होतं, तिथे आपलं जमत नाही.

काका : जमत नाही, कारण माझ्याकडे रोगी आहेत. ऐक. एका टोकाला असा रोगी असतो, ज्याच्या शरीरात जंतूंचा सुकाळ. नसेचा काप घेतला तर श्वॉन पेशी जंतूंनी ठासून भरलेल्या. पण त्याचा हात वर्षानुवर्षं चालतो. दुसऱ्या टोकाला असा, ज्याच्या अंगावर एकच चट्टा, नसेत जंतू शोधूनही सापडत नाही, आणि त्याची करंगळी बघता बघता वळते. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांमधल्या सगळ्या पायऱ्या लावून दिल्या, त्या प्रतिकारशक्तीच्या जोरावर. खुनी जंतू असता, तर जिथे जंतू जास्त तिथे नस आधी मरायला हवी होती. इथे उलट.

काकांचा हा मुद्दा जुना आहे आणि अजून कुणी तो पुरता खोडलेला नाही. ज्यांनी ज्यांनी जंतूला एकट्यालाच दोषी धरलं, त्या सगळ्यांना या दोन रोग्यांपाशी येऊन थांबावं लागलं.

पुतणी : पहिल्या रोग्याचा हात चालतो, हे मात्र अर्धंच खरं आहे, काका. त्याला गरम-गार कळतं का? त्याच्या तळहाताला घाम येतो का?

काका : नाही येत. कातडी कोरडी पडते, भेगा जातात.

पुतणी : म्हणजे बारीक तंतू केव्हाच गेले. वेदना, तापमान, घाम ही कामं बारीक तंतूंची. ज्या श्वॉन पेशी हे तंतू धरून ठेवतात, जंतू मुख्यतः त्यांच्यातच घर करतो. स्नायू हलवणारे जाड तंतू उशिरा जातात, म्हणून तुम्हाला हात शाबूत दिसतो. तो माणूस आतून रिकामा होत असतो, फक्त आवाज न करता. आणि आता जाड तंतूंचं सांगते. २००२ साली एक प्रयोग झाला. टी आणि बी पेशी जन्मतःच नसलेले उंदीर घेतले. त्यांच्या नसेत जंतू सोडले. संताप करायला त्या उंदरांकडे टी पेशीच नव्हत्या. तरीही मायलिन सुटलं. जिवंत जंतू नको, मेलेला चालला. नुसतं पीजीएल-१ सुद्धा पुरलं.

काका : कसं काय?

पुतणी : श्वॉन पेशीवर एर्बबी-२ नावाचा ग्राहक असतो. पेशीनं वाढावं की वेष्टण करावं, हे सांगणाऱ्या निरोपांत त्याचा वाटा असतो. एरवी त्याला जोडीदार लागतो, बाहेरून निरोप लागतो. जंतू यातलं काहीच न लागता त्याला थेट चेतवतो आणि पेशी मायलिन सोडून देते. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तो ग्राहक औषधानं अडवला, तर उंदरांमध्ये मायलिन सुटणं कमी झालं. जंतूचा फायदा बघा : मायलिन सोडलेली पेशी त्याला राहायला जास्त सोयीची. २०१३ साली त्याच गटानं एडिंबरामधून आणखी पुढचं सांगितलं. उंदराची प्रौढ श्वॉन पेशी जंतू आत गेल्यावर आपली ओळखच विसरते, मूळपेशीसारखी होते, हिंडते, स्नायूपर्यंत जाते आणि जाताना जंतू वाटत जाते. हे विष नाही, पण पेशीचा स्वभाव पालटणं विषापेक्षा कमी आहे का?

काका : प्रयोग देखणा आहे. पण तिथे जंतू सुईनं सरळ नसेत टोचलेले आणि तेही मुबलक. माझ्या रोग्याला कुणी सुई टोचत नाही. त्याचं काय होतं, ते मी बघितलं आहे. औषधं सुरू होऊन दोन-चार महिने झालेले. जंतू मरताहेत. आणि एक दिवस तो येतो, 'रिॲक्शन आली' म्हणतो. जुने चट्टे लाल, फुगलेले, गरम. कोपरामागची नस बोटाएवढी जाड, नुसता हात लावला तरी ओरडतो. आठवड्याभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नाही. हे जंतूचं काम असेल तर जंतू मरत असतानाच का?

पुतणी : तुमचं उत्तर तुम्हीच सांगा.

काका : श्वॉन पेशी आपल्या पोटातल्या जंतूचे तुकडे बाहेरच्या अंगाला टांगते. टी पेशींना ते दिसतात आणि त्या श्वॉन पेशीलाच शत्रू समजून मारतात. टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा यांचा लोंढा सुटतो. नसेत पाणी भरतं. आता नसेतल्या तंतूंच्या जुड्यांभोवती एक चिवट आवरण असतं, ते ताणत नाही. सुजलेल्या मनगटावर बांगडी अडकावी तशी नस आपल्याच आवरणात अडकते. रक्तपुरवठा तुटतो. तंतू दाबानं मरतात, उपासानं मरतात. नंतर तिथे नुसता तंतुमय चिवट भाग उरतो. अशा वेळी मी प्रेडनिसोलोन देतो. ते जंतूचा केसही वाकडा करत नाही, ते फक्त संताप शमवतं. आणि वेळेवर, म्हणजे बिघाड सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दिलं, तर हात परत येतो. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पुतणी : मग तुमच्याच औषधाचा पुरावा पुढे नेऊ. बांगलादेश आणि नेपाळमध्ये एक चाचणी झाली, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या रुग्णांना बहुविध औषधांबरोबर पहिले चार महिने रोज थोडं प्रेडनिसोलोन दिलं, नस बिघडूच नये म्हणून. चार महिन्यांनी फरक दिसला. वर्षभरानं मोजलं तेव्हा तो फायदा उरला नव्हता. संताप हाच खुनी असता, तर तो शमवल्यावर नस वाचायला हवी होती.

काका : चार महिन्यांनी गोळी थांबली, संताप थांबला नाही. मेलेल्या जंतूंचे अवशेष नसेत वर्षानुवर्षं पडून राहतात. संताप त्यांच्यावर असतो.

पुतणी : अवशेष कुणाचे, काका? जंतूचेच ना?

इथे दोघंही क्षणभर एकाच जागी उभे राहतात. त्या जागेचा सर्वांत स्पष्ट देखावा मला वाटतं माशांच्या पिल्लांमध्ये दिसला. २०१७ साली लॉस एंजेलिस आणि केंब्रिजमधल्या संशोधकांनी, ज्यांत ललिता रामकृष्णन होत्या, झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत कुष्ठजंतू सोडले आणि जिवंत नसेकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्या वयाच्या पिल्लांत टी पेशी अजून तयार झालेल्या नसतात.

काका : हा प्रयोग मीही वाचला. तो माझ्या बाजूनं आहे. जंतू महाभक्षी पेशींनी गिळला, त्या पेशी नसेच्या बाजूनं सरकत राहिल्या, आणि जिथे त्या पोचल्या तिथेच मायलिनचे वेढे सैल झाले. त्या पेशींनी नायट्रिक ऑक्साइड सोडलं होतं. अक्षतंतूतल्या तंतुकणिका, म्हणजे त्याची वीजघरं, त्यानं फुगून बंद पडल्या. भक्षी पेशी काढून टाकल्या, तर इजा झाली नाही. संताप टी पेशींचा नसेल, भक्षी पेशींचा असेल, पण शरीराचाच.

पुतणी : आणि त्या भक्षी पेशींना चिथावलं पीजीएल-१ नं. माशांना होणाऱ्या क्षयाचा जंतू नसेला सहसा काही करत नाही. त्याला फक्त पीजीएल-१ बनवायला लावलं, आणि तोही नस बिघडवू लागला. भक्षी पेशीला नायट्रिक ऑक्साइड सोडायला सांगितलं कुणी?

काका : म्हणजे हत्यार माझं, हुकूम तुझा.

पुतणी : हुकूम जंतूचा.

मला या टप्प्यावर पुतणीचं पारडं जड वाटतं. पेशीच्या पातळीवर एक मेदयुक्त रेणू आधी श्वॉन पेशीचं दार उघडतो, मग तिचं वेष्टण सोडवतो, मग रक्षकालाच नसेवर घालतो. पण काका बोलायचे थांबत नाहीत, कारण त्यांच्या मनात तिसरीच गोष्ट आहे, आणि ती आपल्या मुंबईतली आहे.

काका : आपण दोघंही मायलिनवरच का अडकतो? मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. वनजा शेट्टी यांनी रुग्णांच्या नसांचे काप वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अंतिया प्लास्टिक सर्जन, वाकडे हात सरळ करणारे. त्यांना दिसलं ते असं : बऱ्याच ठिकाणी आधी अक्षतंतूच बारीक होतो. वेष्टण नंतर सैल पडतं, कारण आत धरायला काही उरत नाही. पुढे त्यांच्या गटानं उंदरांत दाखवलं, की जंतू तळपायात टोचला तरी वरच्या सायटिक नसेत तंतूचा सांगाडा धरणाऱ्या न्यूरोफिलामेंट प्रथिनांवरचे फॉस्फेट कमी होतात. न्यूरोफिलामेंटमधलं अंतर या फॉस्फेटमुळे टिकतं आणि त्या अंतरावर तंतूची जाडी. फॉस्फेट गेले की तंतू आकसतो. जंतू खाली पायात, बिघाड वर मांडीत. इथे ना किल्ली, ना संताप.

पुतणी : या कामाची दखल बाहेर घ्यायला हवी तितकी घेतली गेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि त्याला जोडून ब्राझीलमधलं एक काम सांगते. अक्षतंतू लांबच लांब, कधी हातभर, कधी त्याहून लांब. पेशीचं मुख्य केंद्र मणक्यापाशी. इतक्या लांबवर तिथून अन्न पुरत नाही. म्हणून शेजारची श्वॉन पेशी ग्लुकोज घेते, त्याचं लॅक्टेट करते आणि तंतूला देते. जंतू आत शिरला की श्वॉन पेशी ग्लुकोज तर जास्त ओढते, पण ते जंतूला लागणारे मेद बनवण्यात आणि जंतूला जाळणाऱ्या प्राणवायूच्या रेणूंना निकामी करण्यात खर्च होतं. तंतूकडे लॅक्टेट कमी जातं. २०१६ साली हे दाखवलं. पेशीच्या आत मेदाचे थेंब साठतात, जंतू त्या थेंबांशेजारी बसून जेवतो, आणि तंतू उपाशी.

काका : म्हणजे दाई दुसऱ्याचंच मूल पोसते.

पुतणी : आणि हे सगळं चालू असताना दुखत नाही, लाल होत नाही, सूज नाही. तुमच्या हाताला ते कळणार नाही.

काका : तो प्रकार मला माहीत आहे. 'मूक बिघाड' म्हणतो आम्ही. रोगी तक्रार करत नाही, कारण जी तक्रार करायची ती नसच गेलेली. चुलीजवळचं भांडं उचलतो, तळहात भाजतो, त्याला कळत नाही. खिळा टोचतो, चप्पल तशीच. वरोऱ्याच्या आनंदवनात, अमरावतीच्या तपोवनात लोकांनी जी झिजलेली बोटं पाहिली आणि म्हटलं 'रोगानं बोटं खाल्ली', ती रोगानं खाल्लेली नव्हती. वेदना नसल्यामुळे पुन्हा पुन्हा झालेल्या जखमांनी, चिघळलेल्या हाडांनी ती आखूड झाली. ब्रँड यांनी हे कळकळीनं सांगितलं. तरी आजही लोकांच्या मनातून ते जात नाही.

पुतणी : म्हणून मी म्हणते, जंतू लवकर मारा. नस वाचवायची तर आधी तोच गाठा. घरातल्या माणसांना रिफाम्पिसिनचा एक डोस द्या, म्हणजे पुढचा रोगीच कमी होईल.

काका : द्या की. मी कुठे नको म्हणतो? पण ज्याची औषधं संपली, त्याचं काय? भारतानं २००५ च्या डिसेंबरमध्ये दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण असं उद्दिष्ट गाठलं, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण आजही देशात दरवर्षी नवे रुग्ण एक लाखाच्या आसपास सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त. एकेकाची औषधं संपतात, कार्डावर 'उपचार पूर्ण' असा शेरा पडतो आणि तो माणूस यादीतून निघतो. नसेला तो शेरा वाचता येत नाही. माझे अनेक रोगी या शेऱ्यानंतर लुळे झाले.

मी या जागी काकांच्या बाजूला आहे, अगदी ठामपणे. नस मारणारा कोण, याचं उत्तर पेशीत शोधावं लागेल आणि ते शोधलं जावंच. पण उपचाराचा काळ जंतूच्या आयुष्यावरून ठरवायचा आणि नसेच्या आयुष्याकडे पाठ फिरवायची, हे मला अन्यायाचं वाटतं. वरची सगळी चर्चा ऐकल्यावर एवढं तर दिसतं, की मेलेल्या जंतूच्या अंगावरचा रेणू, त्याचे अवशेष, त्यांच्यावरचा शरीराचा संताप, आकसलेला उपाशी तंतू, यांतलं काहीही रिफाम्पिसिनच्या शेवटच्या गोळीबरोबर संपत नाही.

पुतणी : काका, एक विचारू? नस गेली की परत का येत नाही? अपघातात तुटलेली नस वाढते की.

काका : वाढते, दिवसाला साधारण मिलिमीटरभर.

पुतणी : कारण तंतू मेला तरी श्वॉन पेशी आणि त्यांच्या बाहेरचा तो पातळ पदर नळीसारखा जागेवर राहतो. नवा अंकुर त्या नळीतून वाट काढतो. कुष्ठरोगात मात्र नळीच जाते. श्वॉन पेशी मेलेली किंवा ओळख विसरलेली, आणि मधे तंतुमय भाग. अंकुर फुटतो, पण जाणार कुठून? म्हणून तुमचं ते 'सहा महिन्यांच्या आत' मला पेशीच्या भाषेतही पटतं. नळ्या शाबूत आहेत तोवरच.

काका : सहा महिने हे फार झाले. आम्हाला बिघाड कळतो तोच उशिरा. बॉलपेनचं टोक तळहाताला, तळपायाला टेकवून डोळे मिटलेल्या रोग्याला विचारायचं, कुठे लागलं ते दाखव. स्नायूंचं बळ बघायचं, कागद दोन बोटांत धरायला लावायचा. एवढीच साधनं. ती चांगली आहेत, स्वस्त आहेत, आशाताईलाही शिकवता येतात. पण बॉलपेन कळेनासा होईपर्यंत पुष्कळ तंतू गेलेले असतात.

पुतणी : उत्तर प्रदेशातल्या दोन रुग्णालयांत ३०३ नव्या बहुजीवाणू, म्हणजे अंगात जंतू जास्त असलेल्या, रुग्णांचा पाठपुरावा केला होता. नायलॉनच्या धाग्यानं स्पर्श तपासून बिघाड सापडायच्या बारा आठवडे किंवा त्याहूनही आधी दोन गोष्टींत फरक दिसत होता : ऊब ओळखण्यात आणि नसेतून विजेचा निरोप जाण्याच्या मोजमापात. बारीक तंतू आधी जातात म्हटलं ना मी, तेच.

काका : बारा आठवडे! अगं, मला आयुष्यभर बारा आठवडे कुणी दिले असते तर!

पुतणी : ऊब मोजायला भारी यंत्रच लागतं असं नाही. तळहातावर ठरावीक तापमानाची ऊब टेकवणारं साधं उपकरण प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येईल.

काका : ठेव मग. पण ते दर महिन्याला लावायचं, औषधं चालू असताना आणि संपल्यावरही निदान दोन वर्षं. आणि यादीतून नाव काढायचं नाही.

पुतणी : आणि फरक दिसला की? लगेच प्रेडनिसोलोन?

काका : मी देईन. तू?

पुतणी : नस दुखत असेल, सुजली असेल, तर मीही देईन. मूक बिघाड असेल, तर मी आधी विचारीन, की संताप नाही तिथे संतापाचं औषध कशाला.

काका : मग तिथे काय देशील?

पुतणी : ते शोधायलाच मी प्रयोगशाळेत जाते. श्वॉन पेशीनं लॅक्टेट पुन्हा तंतूला द्यावं, एर्बबी-२ गप्प बसावा, असं काहीतरी. तोवर तुमचा बॉलपेन आणि माझी ऊब, दोन्ही एकाच हातावर लावू.